तात्पुरते दंतभरण

किडलेला, तुटलेला किंवा उपचारासाठी कोरलेला दात पक्का भरेपर्यंत, अथवा त्यावर कायमची कॅप बसेपर्यंत, झाकून ठेवणारे अल्पकाळाचे आवरण. दवाखान्यात त्याला नुसते ‘टेम्पररी’ म्हणतात. रुग्ण मात्र घरी जाऊन ‘दाढेत औषध भरलंय’ असे सांगतात, आणि ते अगदीच चूक नाही. या प्रकारातले बरेच जुने आणि आजही रोजच्या वापरातले सिमेंट दुखरा दात खरोखरच शांत करते.

ते सिमेंट म्हणजे झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल यांचे मिश्रण. युजेनॉल हा लवंगेच्या तेलाचा मुख्य घटक. दंतवैद्याच्या खोलीत शिरताच येणारा ओळखीचा वास बहुतेक वेळा त्याचाच असतो. दुखऱ्या दाढेत लवंग धरायला सांगणारी आजी आणि काचेच्या पट्टीवर पांढरी पूड तेलात घोटणारा डॉक्टर एकाच गुणावर विसंबलेले असतात. ओलाव्यामुळे हे मिश्रण लवकर घट्ट होते, त्यामुळे लाळेने ओल्या तोंडात ते सोयीचे पडते. मात्र नस उघडी पडली असेल तर युजेनॉल थेट तिच्यावर लावत नाहीत, कारण तिथे ते शांत करण्याऐवजी दाह वाढवते. त्याची दुसरी अडचण पुढच्या भेटीत कळते. दातावर उरलेले युजेनॉल काँपोझिट रेझिन या दातासारख्या रंगाच्या साहित्याला नीट कडक होऊ देत नाही. म्हणून नंतर त्याचे भरण करायचे असेल किंवा कॅप रेझिन सिमेंटने चिकटवायची असेल, तर युजेनॉलविरहित पर्याय निवडतात.

टेम्पररीकडून केलेल्या अपेक्षा एकमेकींच्या विरुद्ध जातात. ती चावण्याचा भार सोसणारी हवी, पण काढताना खालच्या निरोगी दाताचा कणही जाऊ नये. लाळेत विरघळू नये, तरी पुढच्या वेळी सहज निघावी. ताकद हवी ती बेताचीच. फार मजबूत सिमेंट टेम्पररी म्हणून गैरसोयीचेच ठरते.

यांत कशावर तडजोड नको असेल तर ती कडेच्या घट्टपणावर. रूट कॅनालच्या दोन भेटींच्या मधे दाताच्या नळ्या स्वच्छ करून आत औषध ठेवलेले असते. वरच्या भरणाच्या कडेने लाळ झिरपली की जंतू पुन्हा आत पोहोचतात आणि आधीची मेहनत वाया जाते. अशा वेळी कॅव्हिटसारखे तयार, मळावे न लागणारे सिमेंट वापरतात. ते लाळेतले पाणी शोषून घट्ट होते, होताना किंचित फुगते आणि कडेला दाबून बसते. पण त्याचा थर निदान साडेतीन मिलिमीटर जाड असावा लागतो. खाली कापसाचा बोळा जास्त भरला तर वर तेवढी जागाच उरत नाही, आणि बोळ्याचा एखादा धागा कडेला अडकला तर त्याच वाटेने लाळ आत उतरते. कॅव्हिट ठिसूळ असल्याने एक-दोन आठवड्यांपुरतेच. मुदत लांबणार असेल तर पॉलिमर मिसळून बळकट केलेले झिंक ऑक्साइड-युजेनॉल किंवा ग्लास आयोनोमर बरे.

ग्लास आयोनोमर १९७२ मध्ये ब्रिटनच्या विल्सन आणि केंट या संशोधकांनी मांडले. ते दाताला रासायनिक बंधाने चिकटते आणि फ्लोराइड सोडत राहते. १९८०च्या दशकात टांझानियात वीज आणि ड्रिल नसलेल्या ठिकाणी केवळ हातातल्या हत्यारांनी कीड खरवडून दात भरण्याची पद्धत विकसित झाली. पुढे तिच्यासाठी हेच सिमेंट रुळले, तेही तात्पुरते म्हणून नव्हे. तात्पुरते आणि कायमचे यांतली रेघ तितकीशी ठळक नाही, ती अशी.

कॅपसाठी घासलेल्या दाताची गोष्ट निराळी. वरचे कठीण कवच गेल्याने आतला डेंटिन नावाचा थर उघडा पडतो आणि थंड पाण्याचा घोटही झिणझिण्या आणतो. शिवाय मोकळी जागा दिसली की शेजारचे दात तिकडे सरकतात, समोरचा दात खाली किंवा वर येऊ लागतो, आणि प्रयोगशाळेतून अचूक मापाची आलेली कॅप बसत नाही. तात्पुरती कॅप हे सगळे थांबवते. तिची कड खरबरीत किंवा लांब राहिली तर हिरडी सुजते, आणि सुजलेल्या, रक्ताळणाऱ्या हिरडीजवळ पक्की कॅप चिकटवणे अवघड होते. पुढच्या दातांच्या बाबतीत ती रंगीत तालीमही असते. आकार शोभतो का, ‘फ’ आणि ‘व’ म्हणताना ओठ नीट टेकतो का, हे तीवरूनच कळते.

अशी कॅप अनेकदा खुर्चीशेजारीच अ‍ॅक्रिलिकची बनवतात. अ‍ॅक्रिलिक कडक होताना तापते. १९६५ मध्ये झॅक आणि कोहेन यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगात दाताच्या आतले तापमान सुमारे साडेपाच अंश सेल्सिअसने वाढल्यावर जवळपास १५ टक्के दातांची नस मेली होती. म्हणूनच डॉक्टर साहित्य रबरासारखे असतानाच कॅप काढतात, पुन्हा बसवतात, वर पाण्याचा फवारा मारतात. ही काढघाल पाहून रुग्णाला वाटते की कॅप बसतच नाहीये.

शेवटी कार्बनसारखा रंगीत कागद चावायला देतात आणि उंच राहिलेला ठिपका घासतात. ही तपासणी टेम्पररी आहे म्हणून टाळली, तर दोन दिवसांत चावताना दाढ दुखू लागते. घरी पहिला तास-दीड तास त्या बाजूने चावू नये. चिक्की, तिळगूळ, च्युइंगगम यांनी कॅप उपटून येते. दोन दातांत फ्लॉस, म्हणजे फटी साफ करायचा दोरा, घातला तर तो वर न ओढता बाजूने काढावा. निघालेली कॅप घरच्या गोंदाने चिकटवू नये, पुडीत बांधून दवाखान्यात न्यावी.

टेम्पररीचा सर्वांत मोठा दोष तिच्या गुणातूनच येतो. दुखणे थांबते, खर्च उरलेला असतो, आणि पुढची भेट ‘दिवाळीनंतर’वर जाते. तोवर सिमेंट झिजते, आत कीड सरकते, आणि कधी पातळ उरलेली भिंत चावताना फुटून दात काढावाच लागतो.

ही सिमेंटे बहुधा पांढरीफट्ट किंवा फिकट गुलाबी असतात, दातात मिसळून जाणारी नसतात. ती उकरताना दात कुठे संपला आणि सिमेंट कुठे सुरू झाले, हे डॉक्टरला दिसावे लागते.