परदेशातला वरखर्च आणि टिप: आपला हात आखडतो तो कुठून?

युरोपच्या ग्रुप टूरला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, टूर संपत आली की बसमध्ये एक पाकीट फिरतं. ड्रायव्हरसाठी. माणशी दिवसाला दोन युरो असं काहीतरी आधीच ठरलेलं असतं, टूर मॅनेजर माइकवरून अगदी गोड आवाजात आठवण करून देतो आणि मागच्या सीटवर कुजबुज सुरू होते, "दोन गुणिले बारा दिवस गुणिले चौघं... अहो नऊ-साडेनऊ हजार झाले की! ड्रायव्हरला पगार नसतो का?"

मग यावर चिक्कूपणाचे जोक होतात, आपणच आपल्यावर करतो. पण मला विचाराल तर यात स्वभाव कमी आणि इतिहास जास्त आहे. दोन वेगवेगळे इतिहास आहेत, एक आपल्या डॉलरचा आणि एक त्यांच्या टिपचा, आणि ते दोन्ही त्या बसमध्ये येऊन एकमेकांना धडकतात.

आधी आपला. परकीय चलनावर सरकारी बंधनं आली ती १९३९ मध्ये, दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर, इंग्रजांच्या काळात. युद्ध संपलं पण बंधनं गेली नाहीत, उलट १९४७ मध्ये त्याचा रीतसर कायदा झाला आणि १९७३ मध्ये तो आणखी कडक झाला, तोच तो फेरा, म्हणजे परकीय चलन नियमन कायदा. डॉलर म्हणजे देशाची तिजोरी, मशिनरी आणि तेल आणायला लागणारा पैसा, तो कुणीतरी आयफेल टॉवर बघायला उडवायचा हे सरकारला पटणारच नव्हतं. आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही हं, खुद्द इंग्लंडने १९६६ मध्ये आपल्या लोकांना सुट्टीवर जाताना माणशी ५० पौंडांची मर्यादा घातली होती, ती १९७० पर्यंत चालली.

आपल्याकडचा आकडा मात्र ऐकून आजच्या पोरांना खोटं वाटतं. आठ डॉलर! साठ-सत्तरच्या दशकात शिकायला अमेरिकेला गेलेली कितीतरी माणसं खिशात आठ डॉलर घेऊन विमानात बसली, इंग्लंडला गेलेले तीन पौंडांची गोष्ट सांगतात. त्यात पी फॉर्म नावाची भानगड, म्हणजे तिकीट काढायलासुद्धा रिझर्व्ह बँकेची मंजुरी. आमच्या एका काकांनी ते आठ डॉलर पहिले पंधरा दिवस मोडलेच नव्हते म्हणे, कारण एकदा मोडले की संपले. आता अशा माणसाने एअरपोर्टवर बॅग उचलणाऱ्याला एक डॉलर द्यायचा म्हणजे सगळ्या इस्टेटीचा आठवा हिस्सा झाला की हो.

चिवडा, लाडू, मेतकूट आणि पुढे इलेक्ट्रिक किटली घेऊन परदेशी जायची जी आपली पद्धत आहे ना, ती जिभेच्या चोचल्यांसाठी आहेच, पण माझ्या मते तिची अर्धी मुळं या हिशोबात आहेत. बाहेर जेवण परवडत नाही असं नव्हतं, बाहेर जेवायला डॉलरच नव्हते. पुढे फॉरेन ट्रॅव्हल स्कीम आली, त्यात फिरायला जाणाऱ्याला पाचशे डॉलर मिळायचे, तेही काही वर्षांतून एकदाच. सगळं आधी भरून टाकायचं आणि तिथे फक्त वरखर्च करायचा ही सवय ग्रुप टूरने पक्की केली. केसरी १९८४ मध्ये सुरू झाली, वीणा वर्ल्ड २०१३ मध्ये, आणि यांच्या जाहिरातीत "सर्व समाविष्ट" हे शब्द इतके मोठ्या अक्षरात का असतात ते मला हे सगळं वाचल्यावर कळलं.

मग १९९१. तिजोरीत जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले, सोनं गहाण ठेवायला विमानाने लंडनला पाठवलं, जुलैमध्ये दोन दिवसांच्या अंतराने दोनदा अवमूल्यन झालं आणि डॉलर २१ रुपयांवरून २६ च्या आसपास गेला. हे पेपरात रोज वाचलेली पिढी आज पासष्टी-सत्तरीत आहे आणि टूरच्या बसमध्ये बहुतेक वेळा तीच असते. प्रत्येक कॉफीला रुपयात गुणायची सवय त्यांना कुणी शिकवली नाही, ती लागली.

त्यानंतर गाठी भराभर सुटल्या. १ जून २०००ला फेरा जाऊन फेमा हा सौम्य कायदा आला, म्हणजे नियम मोडला तर गुन्हेगार ठरायचात ते आता दंडावर आलं. २००४ मध्ये एलआरएस नावाची योजना आली, वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर न्यायला परवानगी, २००७ पर्यंत ती दोन लाखांवर, २०१३ मध्ये रुपया घसरला तेव्हा झटकन ७५ हजारांवर आणली आणि २०१५ पासून अडीच लाख. आठ डॉलर ते अडीच लाख डॉलर एका माणसाच्या हयातीत! मधेच २०२३ च्या ऑक्टोबरपासून सरकारने सात लाखांच्या वरच्या खर्चावर २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे देतानाच आगाऊ कापून घ्यायचा कर, लावला, एप्रिल २०२५ पासून सातचे दहा लाख झाले, हे आकडे बजेटगणिक हलत असतात. तो पैसा रिटर्न भरल्यावर परत मिळतो किंवा वळता होतो, पण जाताना खिशातून जातो तेव्हा दुखतंच.

आता त्यांच्या टिपचा इतिहास. पहिली गोष्ट, व्हॉट्सअ‍ॅपवर येतं ना की टिप म्हणजे कुठल्यातरी तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं, ते थाप आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या चोराचिलटांच्या बोलीत "देणे" या अर्थाने हा शब्द होता, तिथून आला. बाकी भाषा तर आपल्यासारख्याच बोलतात. फ्रेंच आणि जर्मन दोघांचाही शब्द "प्यायला पैसे" असा आहे, रशियन तर सरळ "चहासाठी" म्हणतात, म्हणजे आपलं चहापाणीच! इजिप्तला गेलात तर जो तो बक्षीस मागतो, शब्द तोच फारसी, फक्त आपण तो शाळेतल्या स्पर्धेला लावला आणि त्यांनी बॅग उचलण्याला. देण्याची रीत आपल्यालाही काही नवी नाही, दिवाळीची पोस्त पोस्टमनपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना देतोच की, पण ती वर्षातून एकदा आणि ओळखीच्या माणसाला.

अमेरिकेतलं प्रकरण वेगळं आणि जरा काळं आहे. यादवी युद्धानंतर, म्हणजे १८६५ नंतर, श्रीमंत अमेरिकन युरोपात फिरून टिपची फॅशन घेऊन आले, आणि त्याच वेळी गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांना कामावर घेणारे मालक होते ज्यांना पगार द्यायचा नव्हता. पुलमन कंपनीच्या रेल्वेच्या झोपायच्या डब्यांत काळे पोर्टर ठेवले, पगार अगदी तुटपुंजा, बाकी प्रवाशांच्या टिपवर जगा. गंमत म्हणजे तेव्हा बऱ्याच अमेरिकनांना टिप हा प्रकारच लोकशाहीविरोधी वाटायचा, मालक-नोकर थाटाचा. वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये टिपवर बंदी घातली, आणखी काही राज्यांनी तेच केलं, पण १९२६ पर्यंत ते सगळे कायदे रद्द झाले. पुलमनच्या पोर्टरांनी १९२५ मध्ये युनियन काढली आणि १९३७ मध्ये कंपनीला करार करायला लावला. हॉटेलातल्या वेटरांचं मात्र उलटं झालं, १९६६ मध्ये कायद्यानेच मालकाला सवलत मिळाली की टिप धरून किमान वेतन भरलं तरी चालेल.

त्या सवलतीतला मालकाने द्यायचा किमान आकडा आहे तासाला २ डॉलर १३ सेंट. तो ठरला १९९१ मध्ये. तेच साल, आपलं सोनं लंडनला गेलं ते! आपण तिथून अडीच लाख डॉलरपर्यंत आलो आणि तो आकडा केंद्रीय कायद्यात अजून तसाच आहे, एक सेंट वाढला नाही. कॅलिफोर्नियासारखी काही राज्यं वेटरला पूर्ण किमान वेतन देतात, पण १८-२० टक्के टिपची सवय तिथेही आहे. तेव्हा "पगार नसतो का?" हा मागच्या सीटवरच्या काकूंचा प्रश्न काही चुकीचा नव्हता, फक्त खंड चुकला. युरोपातल्या ड्रायव्हरला असतो. फ्रान्समध्ये तर बिलात सर्व्हिस धरलेलीच असते, वर चिल्लर ठेवली तर ठेवली. जपानमध्ये ठेवू नका, वेटर "तुमचे पैसे राहिले" म्हणून रस्त्यापर्यंत मागे धावेल.

आपल्याकडे हॉटेलवाले बिलात सर्व्हिस चार्ज टाकतात त्यावरून भांडण चालूच आहे, २०२२ मध्ये ग्राहक प्राधिकरणाने तो आपोआप लावू नका म्हणून सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही तेच उचलून धरलं. या सवयीने आपण न्यूयॉर्कमध्ये बिल बघतो तेव्हा तिथल्या वेटरला काय वाटत असेल ते जाऊ दे.

आणि हल्ली तर टॅबलेटच तोंडासमोर फिरवतात, १८, २०, २५ टक्के, बोट लावा. कार्डाने दिलीत तर टिपवरही बँकेचा मार्कअप बसतो, आणि मशीनने "रुपयात भरायचं का?" विचारलं तर नाहीच म्हणायचं, त्यात त्यांचा रेट वाईट असतो. त्यापेक्षा फॉरेक्सवाल्याकडून शंभराच्या नोटा घेताना एक-एक डॉलरच्या वीस-पंचवीस मागून घ्या. पहिल्यांदा नाहीत म्हणेल, दुसऱ्यांदा मागितल्या की ड्रॉवरमधून निघतात.