परवाच आलेलं अँटिक

कोल्हापुरात गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, मागच्या महिन्यात बायकोबरोबर साज (गळ्यातला कोल्हापुरी हार) बघायला गेलो होतो. दुकानदारानं लाल मखमलीच्या ट्रेमध्ये एक साज ठेवला आणि म्हणाला, "हा बघा वहिनी, अँटिकमधला. परवाच आलाय, एकदम फ्रेश पीस हाय." अँटिक आणि फ्रेश एकाच दमात! दुकानात कुणालाच त्यात काही खटकलं नाही. मलाही पायऱ्या उतरेपर्यंत खटकलं नव्हतं.

साज हातात घेऊन नीट बघितला. पानांचे उठाव उजळ, खाचा मात्र काळपट. खरोखर जुन्या दागिन्याचं असंच होतं. अंगावर घासून उंच भाग चमकत राहतो आणि खोलगट जागी मळ आणि काळवंडलेला थर साचतो. चांदी असेल तर हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे सिल्व्हर सल्फाइड तयार होतं, तोच हा काळा रंग. पिढ्यान्‌पिढ्यांचं हे काम कारागीर रसायनात बुडवून थोड्या वेळात उरकतो. म्हणजे 'अँटिक' हे इथं वय नाही, पॉलिशचं नाव आहे.

शब्द असा कसा घसरला, हे बघायला मुळापर्यंत जावं लागतं. लॅटिनमध्ये 'अँटे' म्हणजे आधी. त्यावरून 'अँटिक्वस' आणि पुढे इंग्रजीतला 'अँटिक'. 'एन्शंट'ही त्याच 'अँटे'चा, फ्रेंचमार्गे आलेला. त्याच्या शेवटचा 'ट' इंग्रजांनी नंतर चिकटवला, फ्रेंचमध्ये तो नाही. आपला 'पुरातन' आणि 'पुराण' यांतला 'पुरा' म्हणजेही पूर्वी. शब्दांची मुळं उलगडणाऱ्या 'निरुक्त' या प्राचीन ग्रंथात यास्कानं पुराण या शब्दाची फोड 'पुरा नवं भवति' अशी केली आहे, म्हणजे जे पूर्वी नवं होतं ते. या सगळ्या शब्दांत वर्षं कुठेच नाहीत, फक्त 'आपल्या आधीचं' एवढाच भाव आहे. कुणाच्या आधीचं, हे बोलणाऱ्यावर. माझ्या लेकीच्या मते माझा पाच वर्षांचा फोन एन्शंट आहे.

कायद्याला मात्र असं सैल बोलून चालत नाही. आपल्याकडचा पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा किमान १०० वर्षं मागतो, हस्तलिखितं आणि दस्तऐवज असतील तर ७५. प्राचीन वास्तूंसाठी १९५८ चा कायदा आहे, त्यातही वयाची अट शंभरच. आता गंमत बघा. आपला 'नवा राजवाडा' १८८४ साली बांधून पूर्ण झाला. वयाच्या हिशेबानं तो कधीच 'एन्शंट'च्या रांगेत जाऊन बसलाय, पण रिक्षावाल्याला सांगताना आपण 'नवा'च म्हणतो, कारण भवानी मंडपाजवळचा जुना राजवाडा त्याच्या आधीचा. ऑक्सफर्डचं 'न्यू कॉलेज' १३७९ सालचं आहे, तेही अजून न्यूच.

भूगर्भशास्त्रज्ञांनी यात कहर केलाय. पन्हाळ्याच्या वाटेवर डोंगर कापलेला दिसतो, तो काळा बेसॉल्ट खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याच सुमाराला सुरू झालेल्या कालखंडाचं नाव 'पॅलिओसीन'. ग्रीकमध्ये 'पालाइओस' म्हणजे जुना आणि 'काइनोस' म्हणजे नवा, थोडक्यात 'जुना-नवा'! झालं असं, की चार्ल्स लायेलनं १८३३ मध्ये 'इओसीन' हे नाव दिलं, नव्याची पहाट या अर्थानं. नंतर लक्षात आलं की पहाटेच्याही आधीचा एक तुकडा वेगळा काढायला हवा, म्हणून १८७४ मध्ये हे नाव जोडलं गेलं. सध्याचा 'होलोसीन' म्हणजे 'पूर्ण नवा', आणि तो ११,७०० वर्षांपूर्वी सुरू झाला. म्हणूनच ही मंडळी विशेषणांच्या भरवशावर न राहता पोटॅशियम-आरगॉनसारख्या पद्धतींनी खडकाचं वय आकड्यात काढतात. कार्बन-१४ इथं कामाचा नाही. त्याचं अर्धआयुष्य ५,७३० वर्षांचं, म्हणजे दर तेवढ्या काळात तो निम्मा होतो, त्यामुळे पन्नासेक हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगा कार्बन उरतच नाही.

'अँटिडिल्युव्हियन' हा माझा लाडका शब्द. शब्दशः अर्थ महापुराच्या आधीचा. पूर म्हणजे बायबलमधला, नोआचा. सतराव्या शतकात थॉमस ब्राउन या इंग्रज लेखकानं तो शब्द रूढ केला. आज इंग्रज हा शब्द चेष्टेत वापरतात, कालबाह्य विचारांना किंवा खटारा मशीनला. आपण अशा वेळी 'बाबा आदमच्या जमान्यातलं' म्हणतो. आदम नोआच्याही आधीचा, तेव्हा आपला शब्द एक पायरी वरचढच. आणि पंचगंगेचा पूर दारात बघितलेल्या कोल्हापुरात 'पुराआधीचं' याचा अर्थ भलताच ताजा लागेल, तो भाग वेगळा.

माणसाच्या वयाचे शब्द निराळे. 'ओल्ड'ला इंग्रजीत दोन विरुद्धार्थी शब्द, 'न्यू' आणि 'यंग'. मराठीनं ही वाटणी आधीच केलीय: वस्तू जुनी, माणूस म्हातारा. म्हणून जुना मित्र आणि म्हातारा मित्र यांत आपली गफलत होत नाही, इंग्रजीत 'ओल्ड फ्रेंड'ला संदर्भच लागतो. 'ओल्ड'च्या मुळाशी वाढणं, पोसलं जाणं हा अर्थ आहे. आपला 'वृद्ध'ही 'वृध्' म्हणजे वाढणे यातलाच, 'वृद्धी'चा सख्खा भाऊ. 'म्हातारा' हा 'महत्तर'वरून आला, म्हणजे अधिक मोठा. दोन्हीकडच्या पूर्वजांना म्हातारपण ही झीज वाटली नव्हती, वाढ वाटली होती.

झिजेचे शब्दही आहेतच. 'जिरियाट्रिक' हे वृद्धांच्या वैद्यकाचं नाव १९०९ मध्ये इग्नाट्झ नाशर यांनी बनवलं, ग्रीक 'गेरास' म्हणजे म्हातारपण यावरून. त्याच मुळाचे संस्कृत शब्द 'जरा' आणि 'जीर्ण'. म्हणजे आपण देवळाचा जीर्णोद्धार करतो, तो एका अर्थानं जिरियाट्रिक विभागच. 'सिनेट' आणि 'सिनाइल' हे लॅटिन 'सेनेक्स'चे, म्हणजे म्हाताऱ्याचे, आणि 'सनातन'मधला 'सना' त्यांचा चुलत भाऊ. पण सगळ्यात मजेशीर जोडी 'व्हेटरन' आणि 'वासरू'. दोघांच्या मुळाचा अर्थ वर्ष, तोच 'संवत्सर'मध्ये दिसतो. लॅटिनमध्ये पुष्कळ वर्षांचा तो व्हेटरन झाला, आपल्याकडे एका वर्षाचं पिल्लू 'वत्स' झालं आणि गोठ्यात येऊन वासरू.

'व्हिंटेज'चा जन्म द्राक्षाच्या मळ्यातला. मुळात द्राक्षांची तोडणी, मग त्या साली निघालेली वाइन, मग चांगल्या सालातली कुठलीही जुनी चीज. ब्रिटनमध्ये १९३४ साली स्थापन झालेल्या व्हिंटेज गाड्यांच्या क्लबनं १९३० पर्यंत बनलेल्या गाड्यांनाच हा मान दिला. या काटेकोर मापानं दसरा चौकात सीमोल्लंघनाला येणारी छत्रपतींची मेबॅक गाडी बादच ठरते, ती १९३० च्या दशकातली असली तरी त्या रेषेनंतरची. चौकातल्या गर्दीला हे कुणी सांगून बघावं.

गुजरीतून निघताना बायकोनं पर्समधून माझ्या आजीचा साज काढला. पानं झिजून गुळगुळीत, दोन मणी बदललेले, वय सत्तरीच्या पुढचं. म्हटली, "याचं काय करता येईल का?" दुकानदारानं भिंग लावून उलटसुलट करून बघितला आणि वजनकाट्यावर ठेवला.

"हा लय जुना झालाय वहिनी," तो म्हणाला. "मोडीत घाला. यातच तुम्हाला मस्त अँटिक करून देतो."