मूडलमध्ये प्रिव्हेंट कधी आणि प्रोहिबिट कधी?

मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीत रोल म्हणजे परवानग्यांचा संच, जसा स्टुडंट किंवा शिक्षक. एखादा रोल संपादित करताना ‘शो ॲडव्हान्स्ड’ निवडलं की प्रत्येक परवानगीपुढे चार पर्याय असतात: नॉट सेट, अलाउ, प्रिव्हेंट आणि प्रोहिबिट. घोळ होतो तो शेवटच्या दोघांत. विद्यार्थ्याकडे एकच रोल असेल, तर दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो: उदाहरणार्थ, फोरम या चर्चेच्या जागेत ‘रिप्लाय’चं बटण गायब. फरक कळतो तो त्याच माणसाकडे दुसरा रोल आला की.

प्रिव्हेंट हा एका रोलचा, एका पातळीवरचा नकार. पातळ्या एकाखाली एक असतात: साइट, कॅटेगरी, कोर्स आणि शेवटी फोरम किंवा क्विझसारखी एकेक ॲक्टिव्हिटी. वर प्रिव्हेंट असलं तरी त्याच रोलला खाली अलाउ दिलं की खालचंच लागू होतं. सत्र संपल्यावर फोरम वाचण्यापुरता ठेवायचा असेल, तर त्या फोरममध्ये स्टुडंट रोलला उत्तर देणं आणि नवी चर्चा सुरू करणं, या दोन्ही परवानग्यांवर प्रिव्हेंट लावलं की काम झालं. शिक्षकांचं लिहिणं चालू राहतं.

आता दुसरा प्रसंग घ्या. एका विद्यार्थ्याला वर्तनामुळे सगळ्या फोरममध्ये लिहिण्यापासून थांबवायचंय. ॲडमिन ‘लेखनबंदी’ नावाचा नवा रोल करतो, त्यात लिहिण्याच्या परवानग्यांवर प्रिव्हेंट लावतो आणि तो रोल त्या विद्यार्थ्याला साइटच्या पातळीवर देतो. विद्यार्थी मात्र बिनदिक्कत लिहीत राहतो. कारण मूडल प्रत्येक रोलचा निकाल वेगळा काढतं आणि त्यातल्या एकाने जरी होकार दिला तरी दार उघडतं. स्टुडंट रोलचा अलाउ शाबूत आहे. लेखनबंदीचा प्रिव्हेंट त्याला हातही लावत नाही.

इथे प्रोहिबिटच हवं. कुठल्याही एका रोलमध्ये ते असलं की बाकीच्या रोलचे होकार बाद होतात, आणि खालच्या कुठल्याही पातळीवर अलाउ देऊन ते उठवता येत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: जागा बंद करायची असेल तर प्रिव्हेंट, माणसाला थांबवायचं असेल तर प्रोहिबिट. स्टुडंटसारख्या सरसकट दिल्या जाणाऱ्या रोलवर प्रोहिबिट लावूच नये. क्विझ तपासून पाहायला एखाद्या शिक्षकाने स्वतःला स्टुडंट म्हणूनही जोडलेलं असतं. मग स्टुडंटवरचं प्रोहिबिट त्याच्या शिक्षकपणावरही चालतं. ऑथेंटिकेटेड युजर या रोलवर तर चुकूनही नको, कारण तो लॉगिन केलेल्या प्रत्येकाकडे असतो.

ही गडबड व्हायला ॲक्टिव्हिटीचं परवानग्यांचं पान पुरेसं आहे. तिथे परवानगी असलेल्या रोलच्या नावापुढे कचरापेटीचं चिन्ह असतं. ते दाबलं की प्रिव्हेंट लागतं. शेजारच्या ‘प्रोहिबिटेड’ रकान्यात अधिकचं चिन्ह असतं, आणि घाईत नेमकं तेच दाबलं जातं.

तपासताना ॲडमिनच्या खात्यावर विसंबू नका. साइट ॲडमिनला हे नकार लागूच होत नाहीत, त्यामुळे त्याला सगळं सुरळीत दिसतं. ‘स्विच रोल’नेही पूर्ण चित्र मिळत नाही, कारण त्यात एकाच रोलच्या नजरेतून कोर्स दिसतो. ‘चेक परमिशन्स’मध्ये त्या विद्यार्थ्याचं नाव निवडा, त्याचे सगळे रोल धरून प्रत्येक परवानगीपुढे होय किंवा नाही येतं.