मान धरणारा चिमटा आणि बोलणारा फोटोग्राफर

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत भिंतीवरचे पणजोबा-पणजी पाहिले, की पाहुणा हमखास म्हणतो, ‘काय कडक माणसं होती!’ मला तसं वाटत नाही. ती माणसं जखडलेली होती.

१८३९ साली डागेरोटाइप, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर फोटो उमटवण्याचा प्रकार, जाहीर झाला, तेव्हा एका छबीला काही मिनिटं लागत. १८५१मध्ये ओल्या कोलोडियनची, म्हणजे चिकट रसायन लावून ओली असतानाच वापरायची काच आली, तरी काही सेकंद हलायचं नाही, हा नियम कायम राहिला. म्हणून खुर्चीमागे लोखंडी दांडा असे आणि त्याचा चिमटा डोकं मागून धरून ठेवी. काच ओली आहे तोवर, म्हणजे दहाएक मिनिटांत सगळं उरकायचं. हसू एवढा वेळ धरून ठेवलं तर दात विचकल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा ओठ मिटलेले बरे. त्यात पुन्हा फोटो काढला की आयुष्य कमी होतं, ही धास्ती. माझ्या आजीला ती शेवटपर्यंत होती.

याच इंदुरात लाला दीनदयाळ फोटोग्राफर झाले. जन्म १८४४चा, मेरठजवळच्या सरधन्याचा. रुडकीला शिकून १८६६मध्ये ते इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि १८७४च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर आणि ब्रिटिश अधिकारी सर हेन्री डेली यांनी त्यांना उत्तेजन दिलं. पुढे ते हैदराबादच्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर झाले. पण त्यांचं मला सर्वांत मोठं वाटणारं काम म्हणजे १८९२चा तिथला जनाना स्टुडिओ. पडद्यातल्या बायकांसाठी वेगळी जागा आणि कॅमेऱ्यामागेही बाईच. समोरच्याचा संकोच नेमका कशाचा आहे, हे ओळखून त्यांनी तो मुळातच दूर केला. फोटोग्राफीतलं निम्मं कसब तिथंच आहे.

दरम्यान कोरडी जिलेटिन प्लेट, म्हणजे आधीच तयार करून ठेवता येणारी काच आली. १८७१मध्ये मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने तिची वाट दाखवली आणि दशक संपता संपता उघड्यावर सेकंदाच्या अंशात फोटो निघू लागला. चिमटा अडगळीत गेला. माणसाचं अवघडणं मात्र गेलं नाही. ते सोडवण्याचं काम आता फोटोग्राफरच्या जिभेवर आलं. १९३०च्या सुमारास मॅन रे या अमेरिकी फोटोग्राफरने इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर आणि संयोगिताराणींचे युरोपात काढलेले फोटो पाहा. दोघं एकमेकांना बिलगून खेळकरपणे हसताहेत. दरबारी थाटाचा मागमूस नाही.

आमच्याकडे हे काम राजवाड्याजवळचे एक फोटोग्राफर करत. सगळे त्यांना मामा म्हणत. ताईचा ‘दाखवायचा’ फोटो काढायचा होता. ती हनुवटी वर करून, श्वास कोंडून बसली. मामांनी तिला ‘हसा’ म्हटलं नाही. स्टूल जरा सरकवलं, ‘थांब, लाइट जुळवतो’ म्हणत उगाच दिव्याशी खटपट केली. मग तिच्याकडे न बघताच विचारलं, ‘तुमच्याकडे सगळ्यात जास्त चहा कोण पितं गं?’ हात कधीचाच बटणावर होता.

त्या फोटोत ताईचे ओठ किंचित उघडे आहेत. ती ‘आजी’ म्हणते आहे.