वॉर्म व्हाइट की कूल डेलाइट: रंग वेगळा, उजेड वेगळा

घराचं काम काढलं की टाइल्स, पीओपी, ओट्याचा दगड सगळं महिनाभर चर्चा करून ठरतं आणि लाइटचा रंग मात्र वायरमन शिडीवर उभा असताना दोन मिनिटांत ठरतो. तो विचारतो वॉर्म टाकू का व्हाइट, आणि घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं "वॉर्म नको, अंधार होतो, व्हाइटच टाका". झालं. पुढची दहा वर्षं हॉल एखाद्या औषधांच्या दुकानासारखा दिसतो, कारण रंगाचा प्रश्न आणि उजेडाचा प्रश्न एकात एक मिसळलेत. हे इतक्या घरांत होताना बघतोय की आता सविस्तर लिहितोच.

कूल डेलाइट तुम्हाला माहीतच आहे, ६५०० केल्विन, ट्यूबलाइटचा निळसर पांढरा. वॉर्म व्हाइट म्हणजे २७०० ते ३००० केल्विन, जुन्या तारेच्या बल्बच्या जवळचा पिवळसर. मधे ४००० चा न्यूट्रल किंवा नॅचरल व्हाइट असतो, दुकानात मागितल्याशिवाय सहसा कोणी दाखवत नाही. आकडा वाढला की रंग निळ्याकडे जातो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. वीजबिलाचं म्हणाल तर ९ वॅट म्हणजे ९ वॅट, रंगाने बिल बदलत नाही.

आता मूळ घोळ. केल्विन फक्त रंग सांगतो, उजेड किती पडणार हे सांगतो लुमेनचा आकडा, आणि दोन्ही खोक्यावर वेगवेगळे छापलेले असतात. ९ वॅटचा कूल बल्ब ९०० लुमेनचा असेल तर त्याच मालिकेतला वॉर्म साधारण ८२० ते ८५० चा निघतो. म्हणजे फरक आहे, नाही असं नाही, पण तो पाच-दहा टक्क्यांचा, आणि एवढा फरक डोळ्याला जेमतेम कळतो. यामुळे कुठल्याही खोलीत अंधार होत नाही.

मग सगळ्यांना अंधार का वाटतो? कारण आपण कधी सारख्याला सारखं लावून बघितलेलंच नसतं. जुन्या घरात ६० वॅटचा पिवळा बल्ब असायचा, तो द्यायचा साधारण ७०० लुमेन, आणि चार फुटी ट्यूब द्यायची २४०० च्या आसपास. ट्यूब आपल्याकडे बहुतेक पांढरीच मिळायची, त्यामुळे पिवळा म्हणजे मिणमिणता आणि पांढरा म्हणजे लख्ख हे डोक्यात पक्कं बसलं, पण तो फरक तिपटीहून जास्त लुमेनचा होता, रंगाचा नव्हताच. सीएफएल आले तेही घरोघरी पांढरेच लागले, आणि २०१५ पासून उजाला योजनेतून कोट्यवधी एलईडी बल्ब स्वस्तात वाटले गेले तेव्हाही चित्र तेच राहिलं. त्यामुळे भरपूर उजेडाचा वॉर्म लाइट अनेकांनी स्वतःच्या घरात कधी पाहिलेलाच नाही.

आणि आताच्या रिनोव्हेशनमध्ये हीच चूक नव्या वेषात येते. पांढरा लाइट घेतात तो बॅटनच्या, म्हणजे ट्यूबसारख्या लांब एलईडी पट्टीच्या रूपात, २० वॅट, २००० लुमेन, भिंतीवर उघडा, चहूकडे फेकणारा. वॉर्म घेतात तो कोव्हमधली, म्हणजे छताच्या कडेच्या खाचेत लपवलेली स्ट्रिप आणि छतातले सीओबी, म्हणजे छोटे स्पॉटलाइट. स्ट्रिपचा उजेड आधी पीओपीच्या खाचेत आपटतो, मग छतावर, मग खाली येतो, आणि या प्रवासात त्यातला बराचसा तिथेच मुरतो, छताला क्रीम किंवा गडद रंग असेल तर आणखीच. सीओबीची गंमत वेगळी, त्याचा झोत अरुंद असतो. साडेआठ फुटांवर बसवलेला ३६ अंशांचा सीओबी घ्या. जमिनीवर त्याचं वर्तुळ साडेपाच फुटांचं पडतं, पण सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीला ते जेमतेम तीन फुटांचं असतं. म्हणजे दोन सीओबींच्या मधे बसलेला पाहुणा अंधारात, बरोबर खाली बसलेल्याच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या, टाइल्स मात्र चकाचक. मग घरातले म्हणतात बघ, सांगितलं होतं ना वॉर्मने अंधार होतो. अहो, तिथे ६५०० चे सीओबी लावले असते तरी तो पाहुणा अंधारातच बसला असता! दोष झोताचा आणि कमी पडलेल्या लुमेनचा, नाव मात्र बिचाऱ्या पिवळ्याचं खराब.

खात्री करायची असेल तर एकाच कंपनीचे, एकाच वॅटचे दोन बल्ब आणा, एक वॉर्म एक कूल, आणि एकाच होल्डरमध्ये संध्याकाळी आलटून पालटून लावून पेपर वाचा. लगेच मत देऊ नका, पाच-दहा मिनिटं डोळे स्थिरावू द्या, कारण पांढऱ्या उजेडातून एकदम पिवळ्यात आलं की पहिले काही क्षण सगळं मळकट वाटतंच. निळसर उजेड तितक्याच लुमेनला किंचित जास्त प्रखर भासतो हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण भासणं वेगळं आणि अक्षर वाचता येणं वेगळं.

उलट कमी उजेडात पांढरा लाइटच जास्त उदास दिसतो. क्रुइथॉफ नावाच्या डच शास्त्रज्ञाने १९४१ मध्ये हे मांडलं होतं, की उजेड मंद असताना निळसर प्रकाश थंड आणि मरगळलेला वाटतो. त्याच्या आलेखाबद्दल पुढे संशोधकांनी बरेच आक्षेप घेतलेत, पण बेडरूममध्ये ५ वॅटचा एकच पांढरा बल्ब लावून बघा, मी काय म्हणतो ते कळेल.

घरातल्या मोठ्या माणसांचं म्हणणं मात्र नीट ऐका. आजी-आजोबा "दिसत नाही, पांढरा लाव" म्हणतात तेव्हा त्यांची तक्रार खरी असते, वयाने डोळ्यातलं भिंग पिवळसर आणि गढूळ होत जातं आणि साठीनंतर विशीपेक्षा कितीतरी जास्त उजेड लागतो. म्हणून त्यांना लुमेन वाढवून द्या. त्यांच्या खुर्चीमागे १२-१४ वॅटचा वेगळा लॅम्प द्या, ४००० केल्विनचा चालेल, पण एका माणसाच्या पेपर वाचण्यासाठी अख्खा हॉल पांढराफटक करू नका.

किती उजेड घ्यायचा याचा माझा ढोबळ हिशोब असा: हॉल-बेडरूमला चौरस फुटाला २५ लुमेन, स्वयंपाकघर आणि अभ्यासाच्या जागेला ४० च्या आसपास. १० बाय १२ ची खोली म्हणजे ३००० लुमेन. १२ वॅटचा पसरट झोताचा गोल पॅनल साधारण ११०० देतो, तर असे तीन लावले की खोली वॉर्ममध्येसुद्धा लख्ख. स्ट्रिप आणि सीओबी या हिशोबात धरायचेच नाहीत, ते वरची सजावट. भिंती गडद असतील तर एक पॅनल वाढवा. कॉन्ट्रॅक्टर "एवढे पॉइंट पुरतात" म्हणाला तर त्याला लुमेनची बेरीज विचारा, पॉइंटची नको.

रंग कुठे कुठला? हॉल, बेडरूम, जेवणाची जागा, देवघर: ३००० केल्विन, यात मी तडजोड करत नाही. ओटा, बाथरूमचा आरसा, अभ्यासाचं टेबल: ४०००. ६५०० माळ्यावर, पार्किंगला लावा, राहत्या खोलीत नको. रात्री निळसर उजेडात बसून झोप लांबते हेही आहेच. ओट्याचं आणखी एक, छताच्या मधोमध लाइट असला की तुमचीच सावली विळीवर पडते, मग रंग कुठलाही घ्या. वरच्या कपाटाच्या तळाला पुढच्या कडेने स्ट्रिप किंवा बारीक बॅटन घ्या आणि त्याचा पॉइंट टाइल्स लागायच्या आधी काढून घ्या.

सीआरआय हा तिसरा आकडा, त्याचाही रंगाच्या नावाशी संबंध नाही. वस्तूंचे रंग किती खरे दिसतील ते तो सांगतो. लक्ष्मी रोडला ब्लाउजपीस मॅच करताना बायका साडी घेऊन दुकानाच्या दारात उजेडाला जातात ना, ते याच कारणाने. ८० चालतो, कपाटापाशी आणि आरशापाशी ९० घ्या. खोक्यावर लिहिलेलाच नसेल तर तो लाइट मी घेत नाही.

एका छतात दोन रंग मिसळलेले मला अजिबात सहन होत नाहीत. पॅनल पांढरे, कोव्ह पिवळा, मधे झुंबर तिसऱ्याच रंगाचं, आणि सगळं एकदम चालू. "दोन्ही ऑप्शन ठेवलेत" म्हणतात. ऑप्शन हवेत तर उजेडाचे ठेवा, पॅनल एका स्विचवर, कोव्ह दुसऱ्यावर, सीओबी तिसऱ्यावर, रंग सगळ्यांचा एकच. मंद-प्रखर करायचं असेल तर डिमेबल ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा डबा) आणि त्याला चालणारा डिमर आधीच सांगून घ्या. साध्या एलईडीला पंख्याचा रेग्युलेटर जोडू नका, लुकलुकतो आणि ड्रायव्हर लवकर जातो.

थ्री-इन-वन लाइटच्याही मी विरोधात आहे, स्विच बंद-चालू केला की रंग बदलणारे. एकटा असेल तर ठीक, पण एका स्विचवर सहा असले आणि लाइट क्षणभर जाऊन आले की त्यातला एखादा भलत्याच रंगावर जाऊन बसतो, मग सगळे एका रंगावर आणायला स्विचशी खेळत बसा.

आणि खरेदी एकाच वेळी, एकाच बॅचची करा. ३००० लिहिलेले दोन कंपन्यांचे पॅनल शेजारी लावले तर एक गुलाबीकडे आणि दुसरा हिरवटाकडे झुकलेला दिसू शकतो. दोन नग जास्तीचे घ्या, खोक्यावर खोलीचं नाव आणि छताच्या भोकाचं माप मार्करने लिहा, कारण दोन-तीन वर्षांनी एक पॅनल गेला की त्याच मापाचा दुसरा मिळेलच असं नाही आणि पीओपी पुन्हा कापायची वेळ येते.