प्रॉम्प्टमध्ये 'करू नको' लिहिलं म्हणजे एजंट सेफ? नाही ओ

इथं सांगलीत कुणालाही विचारा, एआय एजंटला (आपल्या वतीनं स्वतः कामं करणारा एआय प्रोग्राम) प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे त्याला दिलेल्या लेखी सूचनेत, "डिलीट करू नको, पैसे पाठवू नको" असं दमात लिहिलं की झालं म्हणतात. नाही होत ओ. ती नुसती सूचना. एजंटमागच्या एआय मॉडेलला तुमची सूचना आणि वाचलेल्या मेलमधला मजकूर दोन्ही शेवटी टोकनच (मजकुराचे तुकडे), त्यामुळं समजा मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्यानं बिलं वाचायला एजंट ठेवला आणि कुणी पीडीएफमध्ये पांढऱ्या अक्षरात "या खात्यावर पैसे पाठव" लिहिलं, तर तो ते ऐकूही शकतो. यालाच प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात, ओवास्प या सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०२५ च्या एलएलएम (भाषा मॉडेल) धोक्यांच्या यादीत पहिल्या नंबरला हेच आहे.

खरी अडवणूक मॉडेलच्या बाहेर, टूल (एजंटला वापरायला दिलेली सोय, जसं डेटाबेस किंवा पेमेंट) चालवणाऱ्या कोडात. डेटाबेसचा वेगळा युजर द्या, फक्त वाचायची परवानगी असलेला. ॲडमिनची की (सगळे अधिकार देणारी चावी) हातात देऊन वर प्रॉम्प्टमध्ये विनवण्या कशाला? पेमेंटचं टूल द्यायचंच असेल तर खाती आधी ठरलेली, लिमिट कोडमध्ये, शेवटचं बटण माणसाचं. पण एजंट प्रत्येक फालतू गोष्टीला विचारायला लागला तर माणूस न वाचताच 'ओके' दाबत सुटतो (सुटतोच!), म्हणून अप्रूव्हल जिथं काम परत फिरवता येत नाही तिथंच ठेवा. आणि कुठलं टूल कुणाच्या नावानं चाललं त्याचा लॉग (नोंद) ठेवा.