‘ॲडमंट’: हट्टी की ठाम?

‘ॲडमंट’ हे इंग्रजी विशेषण मराठी बोलण्यात बहुतेक वेळा ‘हट्टी’च्या जागी येतं. शब्दाचा प्रवास पाहिला तर हा अर्थ त्याच्यावर अन्याय करणारा आहे.

मूळ ग्रीक ‘अदामास’. नकाराचा ‘अ’ आणि पुढे ‘काबूत आणणे’ या अर्थाचं क्रियापद. संस्कृतातला ‘दम्’ त्याचाच भाऊबंद, म्हणजे आपलं ‘अदम्य’ अगदी त्याच घडणीचं. (हा मुळात परका शब्द असून ग्रीकांनी तो आपल्या साच्यात बसवून घेतला, असंही काही अभ्यासक मानतात.) आधी तो कल्पनेतल्या अतिकठीण धातूचं नाव होता, पुढे हिऱ्याचं झाला. ‘डायमंड’ही त्यातूनच आला.

मध्ययुगात मोठा घोळ झाला. लॅटिनमध्ये ‘अदामारे’ म्हणजे जीव जडणे. उच्चाराच्या या साम्यामुळे ‘ॲडमंट’ म्हणजे ओढून घेणारा दगड, अर्थात लोहचुंबक, असंही मानलं जाऊ लागलं. हा दुहेरी अर्थ 17व्या शतकापर्यंत टिकला.

इंग्रजीत विशेषण म्हणून तो 14व्या शतकाच्या अखेरीस दिसतो, पण पुढेही बराच काळ त्याचा वावर मुख्यतः नामासारखाच होता. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये तो दोन ठिकाणी आहे, आणि या दोन जागा मला निर्णायक वाटतात. एकीकडे देव आपल्या संदेष्ट्याचं कपाळ गारगोटीहून कठीण, ॲडमंटसारखं करतो, लोकांसमोर त्याने कचरू नये म्हणून. दुसरीकडे ऐकायचंच नाही म्हणून लोक आपली मनं तशी करून घेतात. दगड तोच, एका जागी बळ, दुसऱ्या जागी दोष. शब्दाने स्वतः बाजू घेतलेली नाही.

अमुक गोष्टीवर ‘ॲडमंट असणे’ ही आजची वाक्यरचना साधारण 1930च्या दशकात रुळली. 1936मध्ये ब्रिटिश संसदेत शस्त्रसज्जतेच्या दिरंगाईवर बोलताना एका सदस्याने सरकारला वाहवत जाण्याबाबत ‘ॲडमंट’ ठरवलं. तो टोला बसला, कारण शब्दात खरी दृढता होती. तिथे ‘हट्टी’ घालून पाहा, विरोधाभासच उरत नाही.

दुसरं असं, की आजच्या इंग्रजीत हा शब्द सहसा माणसाच्या स्वभावाला लागत नाही, एखाद्या मुद्द्यावरच्या भूमिकेला लागतो. गाडी लालच होती, असं साक्षीदार उलटतपासणीतही सांगत राहिला तर तो ‘ॲडमंट’. त्याला मराठीत हट्टी म्हणणं म्हणजे त्याची साक्ष आधीच निकालात काढणं. तो ‘ठाम’ आहे. ‘आमचा मुलगा फार ॲडमंट आहे’ या वाक्यात मात्र आपल्याला ‘हेकेखोर’ म्हणायचं असतं, आणि त्यासाठी इंग्रजीत ‘स्टबर्न’ आहे.

ही गल्लत का रुजली? मला तरी ‘आडमुठा’चा संशय येतो. कानाला दोन्ही शब्द इतके जवळचे, की अर्थही त्या बाजूला ओढला गेला असावा. लॅटिनच्या ‘अदामारे’ने एकदा ओढला होता तसाच.